दोन टिंबांची सही

वरसे, रोहा
६ ऑक्टोबर २०२५

रुखसार,

अस्सलामु अलैकुम. सलाम रिवाज म्हणून घातला आहे. गोडीगुलाबीने लिहायला बसलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ह्या पत्राबरोबर पाकिटात दोन कागद आहेत. एक बांधकाम परवानगीची, कचेरीच्या नमुन्यातली नोटीस. अब्बांच्या मागे आपल्या दोघा भावंडांच्या नावावर लागलेल्या ह्या घराला मागच्या अंगणात दहा बाय बाराची एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम वाढवायचं आहे, असं तिच्यात लिहिलंय. दुसरं संमतीपत्र. त्याच्या तळाशी पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही करायची आणि कागद परत पाठवायचा. बस. तुझ्याकडे आणखी काही मागत नाही.

फोनवर पाच मिनिटांत झालं असतं. पण तू माझा नंबर ब्लॉक करून बसलीस, तुझ्या भाभीचाही केलास. म्हणून ह्या वयात पोस्टाच्या खिडकीवर तिष्ठत उभा राहिलो. आतला मनुष्य म्हणतो, "रजिस्टर पोस्ट बंद झालं काका, आता सगळं स्पीड पोस्टनंच. पोच मिळंल." कचेरीला पोच लागते. लागत नसती तर मी तुला दोन ओळीही लिहिल्या नसत्या.

खोली माझ्या चैनीसाठी नाही. तुझी भाभी, सुरैय्या, मे महिन्यात जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय काही धरत नाही. झोपायच्या खोल्या वर, संडास वर. खालचा जुना संडास मीच पाडला होता, वरचा मजला चढवताना, दारातून आत आल्याआल्या दिसतो म्हणून. आता पाच महिने ती हॉलमध्ये खाटेवर आहे आणि मध्ये जुन्या चादरीचा पडदा बांधलाय. पडद्याच्या अलीकडे पाहुणे चहा पितात, पलीकडे तिला भांडं द्यावं लागतं. परवा मोहल्ल्यातल्या दोघीजणी तब्येत विचारायला आल्या आणि नेमकं तेव्हाच तिला आवरलं नाही. एकीने ओढणी नाकाला लावली. तुला माहीत आहे सुरैय्या कशी आहे ती. दिवसातून तीनदा मोरी घासणारी बाई.

मला त्या बायकांची शिसारी आली. फिनेलच्या वासाची येते. आणि खोटं कशाला बोलू, त्या भांड्याचीही येते. धुतो मीच, रोज धुतो, तोंड फिरवून.

तुझ्यावरचा राग आहे तो आहेच. दोन हजार सतराच्या मे महिन्यात लेकीला, सहरला, घेऊन आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि तिसऱ्या दिवशी भरल्या ताटावरून उठून पेणला निघून गेलीस. तुझा नवरा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, त्याची डोलवीच्या कारखान्यातली कंत्राटाची नोकरी त्याच्याबरोबर गेली होती, सगळं मान्य. मी एवढंच म्हणालो की वरच्या खोल्या माझ्या पोराच्या, फैजलच्या लग्नासाठी ठेवल्यात, कायमचं राहायला इथे जागा नाही. खरं तेच बोललो. त्यावर एवढा रुसवा? त्या पोरीच्या हातातला घास तसाच होता. ताट तसंच उचलून कोंबड्यांना घालावं लागलं, त्याची मला किळस आली होती. आठ वर्षं झाली, अजून येते.

मागच्या वेळी, वरचा मजला काढताना, कागदाचं काम बिनबोभाट आटपलं होतं. ह्याही वेळी तसंच आटपू दे.

तुझा भाऊ,
लतीफ


वरसे
२७ ऑक्टोबर २०२५

रुखसार,

पोच आली. संमतीपत्र आलं नाही.

पोचेवर तुझी सही आहे. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, एका दमात केलेली. अब्बांनी मला नोकरी लागावी म्हणून मराठी शाळेत घातलं आणि तुला लांब पाठवायचं नाही म्हणून मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत. तिथली सही तू अजून धरून आहेस. सुरैय्याला दाखवली तर ती म्हणाली, "हाताला कंप नाय तिच्या. बरी हाय म्हणायची." आणि ती पोच घेऊन बराच वेळ बघत बसली, जशी काय तू चार पानी पत्रच पाठवलंयस. मला बरंबिरं काही वाटलं नाही. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि एका आजारी बाईला पडद्यामागे कुजत ठेवायचं, ह्याला काय म्हणतात ते तूच ठरव.

नकाशा करायला निकेश नावाचा इंजिनिअर येऊन गेला. पोरगा कामाचा आहे, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत मोठ्याने विचारतो, "काका, काकींना संडासला दार सरकतं ठेवू की उघडतं?" तो म्हणाला, आहे ते बांधकामही नकाशात दाखवावं लागतं, वरचा मजला बघू दे. वरच्या बंद खोल्या मी दोन वर्षांत उघडल्या नव्हत्या. झोपतो मी खालीच, खाटेच्या बाजूला, आणि संडासला जातो तेवढाच जिना चढतो. फैजलच्या खोलीचं कुलूप काढलं तर आत कबुतरं. खिडकीची काच फुटलेली होती. पलंगावर, आरशावर, लग्नात घेतलेल्या कपाटावर, सगळीकडे विष्ठेचा थर, आणि कोपऱ्यात मेलेली दोन पिल्लं. निकेश रुमाल तोंडाला लावून टेप धरून उभा होता. "वापर काय लिहू?" म्हणाला. "शयनगृह लिही," मी म्हणालो. फैजल बायको-मुलीला घेऊन आखातात, दोह्याला आहे, चार वर्षांत इकडे फिरकलेला नाही. तू हसू नकोस.

असो. नोटिशीतली हरकतीची मुदत संपली. निकेश म्हणतो, "हरकत आलेली नाय, पोच फाईलला लावा. तुमच्या बहिणीची जुनी संमती फाईलमध्ये हायच, तिच्यावर काम होऊन जाईल." मी शुक्रवारीच पोच लावून आलो, स्वतःच्या हाताने टाचणी मारून. तुझ्या सहीवाचून माझं काही अडलं नाही, एवढं कळवायला हे पत्र.

लतीफ


वरसे
१२ नोव्हेंबर २०२५

रुखसार,

कचेरीतून बोलावणं आलं होतं.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर पानाच्या पिचकाऱ्या, आणि त्यावर "थुंकू नये" लिहिलेली पाटी, तिच्यावरही पिचकारी. वर समीक्षा मॅडम म्हणून क्लार्क आहेत. वयाने आपल्या सहरपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फाईल उघडली. डावीकडे दोन हजार सोळाचं संमतीपत्र, उजवीकडे मी लावलेली पोच.

"भाई, ह्या दोन सह्या एकाच बाईच्या हायत व्हय?"

मी म्हणालो, व्हय.

"ही मराठीत हाय, ही उर्दूत."

मी म्हणालो, माणूस दोन्ही करतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे. मच्छीवालीने शिळा बांगडा दाखवल्यावर सुरैय्या बघायची तसं. मग म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलावू. समक्ष सांगू दे." चार डिसेंबरला अकरा वाजता सुनावणी आहे. तुला वेगळी नोटीस येईल.

ऐक आता. तेव्हा एक एजंट होता. फाईल सगळी त्याच्या हातात होती. तो म्हणायचा, बहिणी-बिहिणींच्या सह्या काय, मी बघून घेतो. त्याने काय केलं, कुठे केलं, मला काही माहीत नाही. आता तो माणूस हयातही नाही. अशा लोकांचा मला पहिल्यापासून वीट आहे. गोड बोलून घाणीत हात घालतात आणि हात आपल्या सदऱ्याला पुसतात.

तू आलीस तर एवढंच सांग की तेव्हा घरात बोलणं झालं होतं.

लतीफ


वरसे
१९ नोव्हेंबर २०२५

रुखसार,

एजंटने नाही केली. मी केली.

मागचं पत्र पेटीत टाकलं तेव्हापासून जेवण जात नाही. मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलून मोकळा झालो, ते वाचून तुला काय वाटलं असेल ते मला इथे बसून दिसतं.

दोन हजार सोळाचा ऑगस्ट होता. गवंडी ठरला होता, फैजलला मुली सांगून येत होत्या आणि प्रत्येकजण विचारत होता, वर मजला आहे का. तुझ्याकडे पेणला यायचं आणि सही मागायची, तर तू विचारणार, माझ्या वाट्याचं काय. विचारलं असतंस की नाही, अल्ला जाणे. मी विचारायची वेळच येऊ दिली नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवला आणि तुझं नाव लिहिलं. उर्दू मला लिहिता येत नाही, म्हणून मराठीत. एजंट म्हणाला, कोण बघतंय. माझ्या सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं असतात, हात चालला तसा चालला, तुझ्या नावाखालीही रेघ पडली आणि दोन टिंबं पडली. बघितल्यावर घाम फुटला. पण कोणी बघितलंच नाही.

मला माझ्या ह्या हाताची किळस येते, असं लिहिणार होतो. मग वाटलं, ही पण एक लबाडीच. नऊ वर्षं ह्याच हाताने जेवलो, तेव्हा नाही आली.

तू सुनावणीत खरं सांगितलंस तर खोली तर जाईलच, वरच्या मजल्याचंही काही खरं नाही, आणि पोलिसांत कागद जाईल. सुरैय्याला ह्यातलं काही माहीत नाही. खोली तिच्यासाठी आहे. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. म्हणतोय बहुतेक.

लतीफ


वरसे
५ डिसेंबर २०२५

रुखसार,

काल जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहितोय, कारण माझ्या डोळ्यांनी मी काय बघितलं ते तुला माहीत नसेल.

तू एसटीने येशील म्हणून मी दहापासून स्टँडवर होतो. तू आलीस आणि मला न बघता माझ्या बाजूने पुढे गेलीस. केस पांढरे झालेत तुझे. चष्मा लागलाय. हातात शिवणकामाची ती जुनीच पिशवी. मी मागे मागे चालत आलो, आपल्या गावात, चोरासारखा. वाटेत दोघांनी सलाम केला, त्यांनाही उत्तर दिलं नाही.

साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, तू एकीवर बसलीस आणि दुसरीवर पिशवी ठेवलीस. मी उभा राहिलो. समीक्षा मॅडमनी जुना कागद फाईलखाली झाकून ठेवला होता, मुद्दाम, ते मला दिसत होतं. कोरा कागद तुझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "ताई, मराठीत सही येते तुम्हाला?"

तू म्हणालीस, "येते."

"करा बघू. तीनदा करा."

मला वाटलं, संपलं. तुझं मराठी अक्षर कसं आहे ते मलाही माहीत नाही, साहेबांना काय जुळणार. तू चष्मा पुसलास. पेन घेतलंस. सावकाश, शाळेतल्या पोरीसारखी, अक्षर अक्षर लावत लिहिलंस. खाली रेघ मारलीस. आणि रेघेखाली दोन टिंबं दिलीस.

तीनदा. तीनही वेळा दोन टिंबं.

मॅडमनी जुना कागद काढून बाजूला ठेवला. साहेबांनी वाकून बघितलं. "मग पोचेवर उर्दूत कशी काय?" म्हणाले. तू म्हणालीस, "पोस्टमनला कुठली बी चालते." ते हसले. संमती आहे का म्हणून विचारलं, तू म्हणालीस, "हाय. भाभीला खोली होऊ दे." नव्या कागदावर परत तीच सही केलीस. समीक्षा मॅडम हसल्या नाहीत. त्या त्या टिंबांकडे बघत होत्या, मग माझ्या अर्जावरच्या सहीकडे बघितलं, मग फाईल बंद केली. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. गटारातून काही वर आलेलं बघावं तसं.

जिन्यात मी तुला गाठलं. म्हणालो, रुखसार, पत्रात मी टिंबांचं लिहिलं होतं, म्हणून तुला... तू थांबलीस. त्या पिचकाऱ्यांच्या भिंतीजवळ उभी राहिलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस.

"पत्रात टिंबं लिवली होतीस. र ची शेपटी कशी वळवलीस ते लिवलं होतंस का? कागदात माज्या नवऱ्याचं नाव चुकवलंस ते लिवलं होतंस?"

तू पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतलीस.

"तो गेल्यावर माजा वाटा बघायला कचेरीत आले होते. मे महिन्यात. माज्या नावाच्या त्या संमतीची नक्कल काढली. मग घरी आले तुज्याकडं. दोन दिस बसले, म्हटलं, भाईजान आपल्या तोंडानं सांगंल. जागा मागायला नव्हते आले रे मी." आणि मग म्हणालीस, "तिसऱ्या दिशी तू माज्या ताटात मच्छी वाढलीस, आनि म्हनालास, हे घर माज्या एकट्याचंच हाय. घास उतरंना."

पाणी तरी पिऊन जा म्हणालो. तू नाही म्हणालीस आणि स्टँडकडे गेलीस.

पहिल्या पत्रात मी तुला त्या ताटाबद्दल काय काय लिहिलं होतं, ते आठवतं. कोंबड्यांना घातलं म्हणून किळस आली होती म्हणे मला.

लतीफ


वरसे
१४ जानेवारी २०२६

रुखसार,

परवानगी आली. शिक्का, नंबर, निकेशचा नकाशा, सगळं. त्यात मागच्या अंगणात एक छोटा चौकोन आहे आणि आत लिहिलंय, "प्रस्तावित खोली".

पाया खणला त्या दिवशी सुरैय्या फार खूश होती. खाटेवरून कुदळीचा आवाज ऐकत होती. दुपारी म्हणाली, "रुखसारला बोलाव. तिच्यामुळं झालं. बिचारी आली आनि जेवली पन नाय." मला ते सहन झालं नाही. मी तिला सगळं सांगितलं, ओट्यावरच्या सहीपासून जिन्यापर्यंत. थोड्या वेळाने तिला भांडं लागलं. मी उचलायला गेलो तर म्हणाली, "तू नको. शेजारनीला हाक मार."

शेजारीण, तीच जिने नाकाला ओढणी लावली होती. तिच्याकडून करून घेतलं, माझ्याकडून नाही. पडद्याच्या अलीकडे मी उभा होतो. इतक्या वर्षांत मी तिला काय काय घाणेरडं बोललो असेन, पण तिला माझा स्पर्श नको झाला असं कधी झालं नव्हतं.

रात्रंदिवस आता एकच म्हणते. त्या खोलीत पाय ठेवणार नाही. गवंड्याला तिनेच परत पाठवलं. पायाचा खड्डा तसाच आहे, मांजरं घाण करून जातात. मी म्हणालो, मग काय करू? ती म्हणाली, "तिच्या नावानं खोटं लिवलंस ना, आता तुज्या नावानं खरं लिव. आनि तिच्या हातात दे. मग ती म्हनंल ते."

म्हणून पाकिटात ह्या वेळी एकच कागद आहे. कचेरीच्या नमुन्यातला नाही, साधा आहे. त्यावर लिहिलंय की मी, लतीफ, राहणार वरसे, सन दोन हजार सोळा साली माझी बहीण रुखसार हिच्या नावाची सही संमतीपत्रावर मी स्वतः केली, तिची संमती नव्हती, ह्या घरात तिचा अर्धा वाटा आहे आणि चार डिसेंबरला ती जे बोलली ते माझ्या पत्रातल्या याचनेमुळे बोलली. खाली माझी सही आहे. रेघ आहे, दोन टिंबं आहेत. साक्षीदार म्हणून सुरैय्याने खाटेवरून सही केली आहे.

शेवटचं वाक्य सगळा दोष माझ्या एकट्यावर येईल असं लिहिलंय, तुला त्रास व्हायला नको. कागद कचेरीत दिलास तर खोलीची परवानगी जाईल, कबुतरांचा मजला जाईल, आणि मलाही आत जावं लागेल. चुलीत घातलास तर कोणाला काही कळणार नाही. ठेवून दिलास तरी चालेल. आता मी तुला काय कर म्हणून सांगत नाही, तेवढा निर्लज्जपणा संपला. सुरैय्या पडद्यामागेच आहे आणि तुझ्या उत्तराची वाट बघते आहे. उत्तर नाही आलं तर ती तिथेच राहील, तशी ती हट्टी आहे, तुला माहीत आहे.

तू हे वाचशील तोवर पोस्टमनने दारात पोचेवर सही घेतलेली असेल. रुखसार, तेवढी सही तुझी असू दे. उर्दूतली.

लतीफ